रात्री घरघरणारा राउटर

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी घेतलेला वायफाय राउटर आहे आणि त्याच्या आत एक छोटा पंखा आहे. या उन्हाळ्यापासून तो घरघर करू लागला आहे. दिवसा आवाज जाणवत नाही, पण रात्री कूलर बंद केल्यावर शेजारच्या खोलीतही ऐकू येतो. वीज जाऊन परत आली की पहिली दहा-पंधरा मिनिटे खडखड फार होते, मग ती थोडी कमी होते. राउटर कपाटावर आडवा ठेवलेला आहे. इंटरनेट उत्तम चालते, तरीही दुरुस्ती करणाऱ्याने ‘नवाच घ्या’ असे सांगितले. खरोखर तो टाकून द्यावा का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : टाकून देऊ नका. आपण केलेल्या वर्णनावरून राउटर सुस्थितीत असून त्यातील अगदी स्वस्त असा एकच भाग झिजलेला दिसतो. घरगुती राउटरमध्ये बहुधा पंखा नसतोच, जास्त उष्णता निर्माण करणाऱ्या काही शक्तिशाली राउटरमध्येच तो बसवलेला असतो. लिंक्सिस कंपनीच्या २०१४ साली आलेल्या डब्ल्यूआरटी १९००एसी या राउटरच्या पहिल्या आवृत्तीत पंखा होता आणि पुढच्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. हे पंखे बहुधा ४० मिलिमीटरच्या आसपासचे असतात. आकार लहान असल्यामुळे पुरेशी हवा ढकलण्यासाठी त्यांना मिनिटाला काही हजार फेरे घ्यावे लागतात आणि बेअरिंगवर, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या भागावर, सर्वाधिक ताण येतो तो याचमुळे.

राउटर उघडण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी करून पाहा. चालू असतानाच झाकणावर बोटाने हलका दाब द्या. आवाज थांबला, तर झाकण किंवा एखादा स्क्रू सैल झालेला आहे. आवाज तसाच राहिला, तर आडवा राउटर उभा धरून ऐका. स्थिती बदलताच आवाजही बदलला, तर बेअरिंग झिजले आहे असे खुशाल समजावे. स्वस्त पंख्यांमध्ये छोट्या गोळ्यांवर फिरणाऱ्या बॉल बेअरिंगऐवजी तेल मुरवलेला पितळी बुश, म्हणजे दांड्याभोवतीची छोटी नळी, असते. राउटर आडवा ठेवला की पंख्याचा दांडा बहुधा उभा राहतो आणि ही स्थिती बुशला मानवत नाही. त्यात अकोल्याचा उन्हाळा. कित्येक राउटर सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात कपाटावरचे, छतालगतचे तापमान ती मर्यादा सहज ओलांडते. पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि बुशमधले तेल लवकर आटते. वीज आल्यावर होणारी खडखड पुढे कमी होते, याचे कारण असे की उरलेले तेल तापून पातळ होते आणि दांड्याभोवती पसरते.

आता दुरुस्तीविषयी. वॉरंटी संपली असल्याची खात्री करा, अडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि राउटर थंड होऊ द्या. स्क्रू पुष्कळदा खालच्या रबरी पायांच्या आड लपवलेले असतात. झाकण ओढू नका, कारण अँटेनाच्या बारीक वायरी त्याला जोडलेल्या असू शकतात. धूळ मऊ ब्रशने काढावी. हवेचा झोत मारायचा असल्यास पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर झोताने पंखा मर्यादेबाहेर फिरतो आणि दुबळे बेअरिंग आणखी बिघडते. पुष्कळ वेळा केवळ धूळ काढल्यानेच आवाज निम्म्यावर येतो, कारण पात्यांवर असमान साचलेली धूळ पंख्याचा तोल बिघडवते.

तेवढ्याने भागले नाही, तर पंख्याच्या मागचे गोल लेबल हलकेच उचलून आत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा, भोवतालचे तेल पुसून लेबल पुन्हा चिकटवावे. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल मात्र कदापि वापरू नये. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि विदर्भातल्या हिवाळ्यात पंखा अडकून बसेल. तेलाचा उपाय काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो, म्हणून त्या काळात नवा पंखा मिळवून ठेवावा.

नवा पंखा घेताना जुन्याच्या लेबलवरचे आकडे लिहून घ्या. लांबी-रुंदी जुळली तरी जाडी १० मिलिमीटर आहे की २०, हे पाहावे लागते. व्होल्टेज तर जुळलेच पाहिजे, कारण ५ व्होल्टचा पंखा १२ व्होल्टवर जळतो आणि १२ व्होल्टचा ५ व्होल्टवर कदाचित फिरणारच नाही. वायरी तीन असतील, तर तिसरी वायर पंख्याच्या फेऱ्यांची माहिती राउटरला पुरवते. तिथे दोन वायरींचा पंखा बसवल्यास राउटर ‘पंखा बंद आहे’ असे समजू शकतो. बॉल बेअरिंगचा पंखा मागावा, कारण तो किंचित शीळ घातल्यासारखा वाजला तरी उष्णतेत जास्त टिकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत असे पंखे मिळतात. बसवताना हवेची दिशा जुन्या पंख्यासारखीच ठेवा. बहुतेक पंख्यांत हवा लेबलाच्या बाजूने बाहेर पडते.

प्रश्न : पंख्याची वायरच काढून टाकली तर चालेल का? एका परिचितांनी तसे केले असून त्यांचा राउटर सहा महिने व्यवस्थित चालू आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : माझे स्पष्ट मत ‘नाही’ असे आहे. उष्णतेचे नुकसान सहा महिन्यांत दिसेलच असे नाही. राउटरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे, म्हणजे वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागांचे, आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. चिप तापली की ती स्वतःचा वेग कमी करते किंवा राउटर आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि आपण दोष मात्र इंटरनेट पुरवणाऱ्याला देतो.

आवाजच कमी करायचा असेल, तर पंखा बंद न करता तो हळू फिरवता येतो. पंख्याचा आवाज वेगाच्या मानाने फार झपाट्याने घटतो. वेग निम्मा केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, तर हवा साधारण निम्मीच कमी होते. काही राउटरच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. वेग थोडाच कमी करावा आणि त्यासोबत राउटर सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला असेल तर तिथून उचलून मोकळ्या हवेत, झरोके न झाकता ठेवावा. त्यानंतर भर दुपारी, घरातले सगळे फोन आणि टीव्ही चालू असताना, राउटरच्या सेटिंगच्या पानावर तापमान दिसत असल्यास ते तपासावे. ते पूर्वीपेक्षा फारसे चढले नसेल, तर हा वेग कायम ठेवायला हरकत नाही.