टक झालं की थांबायचं

प्रश्न : इंजिनचं हेड बसवताना बोल्टच्या आट्यांना ऑइल लावायचं की कोरडेच आवळायचे? गॅरेजवाले दादा म्हणतात काही फरक पडत नाही.

उत्तर : फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला (फिरवायच्या जोराला) ‘टक’ करणारा पाना, बोल्टचा ताण मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो, आणि त्यातला बराचसा जोर आट्यांत अन् बोल्टच्या डोक्याखाली घासण्यातच जातो, म्हणून ऑइल लावलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे अशानेही निघून येतात. त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच करा. भोक खालून बंद असेल तर आत ऑइल साचू देऊ नका, ब्लॉक तडकू शकतो. क्रम मॅन्युअलचाच, सहसा मधल्या बोल्टपासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. पाना झटका न देता सावकाश ओढा, टक झालं की बास, ‘अजून थोडं’ अजिबात नको! टॉर्कचा आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर 1 म्हणजे साधारण 9.8 न्यूटन-मीटर. आणि शेवटी 90 अंश फिरवायला सांगितलं असेल तर ते बोल्ट बहुतेक वेळा नवेच घालावे लागतात, तिथे पैसे वाचवू नका.