पहिलीतलं मूल पट्टीवर १ पासून मोजतं. लांबी मोजायला कसं शिकवावं?

तुमची मुलगी पेन्सिलीचं टोक पट्टीवरच्या १ ला लावते आणि उत्तर चुकतं, असं तुम्ही देवगडहून लिहिलंय. आधी ती नेमकं काय समजतेय ते पाहा. पट्टीवर ३ पासून १० पर्यंत पेन्सिल ठेवून लांबी विचारा. १० म्हणाली, तर ती टोकाशी दिसलेला आकडा वाचतेय. ८ म्हणाली, तर रेघा मोजतेय. ७ म्हणाली, तर मधली घरं मोजतेय, म्हणजे पाया पक्का आहे. पहिल्या दोन्हींपैकी काही आलं, तर पट्टी काही दिवस बाजूला ठेवा. नुसतं "शून्यावर लाव" घोकून घेतलं तर उत्तरं बरोबर यायला लागतात, समज मात्र तिथेच राहते.

खराट्यातले वाळलेले हीर, म्हणजे काड्या, घ्या (ओले वाकतात). दोन कमीजास्त लांबीचे तोडून एकेक टोक भिंतीला टेकवा आणि "लांब कोणता?" असंच विचारा. "मोठा कोणता?" विचारलं तर मूल जाड हीर उचलतं. मग दोन अगदी सारखे हीर शेजारी ठेवा, तिने सारखे म्हटलं की तिच्यादेखत एक थोडा पुढे सरकवा. या वयाची बरीच मुलं म्हणतात, हा आता लांब झाला. त्यांची नजर पुढच्या टोकावरच असते. समजावत बसू नका. मागचं टोक किती सरकलं ते तिला बोटाने दाखवू द्या, पुन्हा तिलाच जुळवू द्या. याला आठवडा लागला तरी लागू दे.

शेजारी आणता न येणाऱ्या वस्तूंसाठी सुतळी. टेबल दारातून जाईल का, हा प्रश्न मुलांना मनापासून आवडतो. सुतळी ताणली जाणारी नको.

खरी मेहनत इथून पुढे आहे. हिराचे १० सेंमीचे दहा-बारा तुकडे करा आणि चटईची लांबी त्यांनी भरून काढायला सांगा. मुलं मध्ये फट सोडतात, तुकडा तुकड्यावर चढवतात, रांग तिरकी नेतात. फट राहिली की तुकडे कमी लागतात, चढवले की जास्त. हे तिच्याकडून दोनदा मोजून घ्या, म्हणजे फरक तिलाच दिसेल. चिंचोके आणि सुपाऱ्या नकोत, त्या एकसारख्या नसतात आणि सुपारी गडगडते. काडेपेट्या चालतील, पण आडव्या की उभ्या ते आधी ठरवा. हे जमलं की एकच तुकडा द्या. आता प्रत्येक वेळी खडूने खूण करून तोच तुकडा पुढे त्या खुणेपासूनच धरायचा. मुलं हमखास खुणेच्या पुढे सरकतात.

अंगणाचा गडगा (दगडी कुंपण) तुमच्या पावलांनी मोजा आणि मग तिच्या. तिचा आकडा मोठा का आला, हे तिला बोलू द्या. दर्यावर दोरी वावांनी मोजतात, दोन्ही हात पसरून. उंच माणसाची आणि ठेंगण्याची वाव सारखी कशी भरेल, हेही विचारा. सगळ्यांना एकच माप का लागतं, ते यातून आपोआप पुढे येतं.

मग पुठ्ठ्याची १२ सेंमी पट्टी कापा, १ सेंमीची घरं आखून आलटून पालटून दोन रंग द्या. सुरुवातीला आकडे नकोत, घरंच मोजू दे. नंतर प्रत्येक घर संपतं त्या रेघेवर आकडा लिहा, घराच्या मध्यभागी नको. पहिल्या रेघेवर काय लिहायचं ते तिला विचारा, शून्य तिच्याकडूनच येऊ दे.

दुकानातली पट्टी यानंतरच. बहुतेक पट्ट्यांत शून्य कडेपासून किंचित आत असतं, शिंप्याच्या टेपवर मात्र अगदी कडेलाच. त्या टेपची एक बाजू १५० सेंमीची आणि दुसरी ६० इंचांची असते, त्यामुळे इंचांच्या बाजूवर कागद चिकटवूनच हातात द्या.