थंडीत कोंबड्यांच्या खुराड्यात बल्ब किंवा हीटर लावणं सुरक्षित आहे का?

पूर्ण पिसं आलेल्या मोठ्या कोंबड्यांना बहुतेक वेळा हीटर लागतच नाही. त्यांच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुगवून त्या ऊब धरून ठेवतात. त्यांना खरा त्रास होतो तो ओलाव्याचा. रात्री दारं-खिडक्या गच्च बंद केल्या की श्वासाची आणि विष्ठेची वाफ आतच कोंडते, तुरे ओलसर होतात आणि कडाक्याच्या थंडीत गारठून काळे पडतात. म्हणून वारा थेट अंगावर येऊ देऊ नका, पण छताजवळचे झरोके उघडे ठेवा. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर आत अमोनिया (विष्ठेतून निघणारा उग्र वायू) साठलाय, खाली अंथरलेलं तूस लगेच बदला. तूस जाड आणि कोरडं हवं. बसायची दांडी रुंद असली की पायाची बोटं पोटाखाली झाकली जातात.

पिल्लांचं वेगळं. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय.

लाल हीट लॅम्प मात्र जपून. तो पडला किंवा तुसाला टेकला की आग लागते. नुसत्या क्लिपवर भरवसा नको, साखळीनेही बांधा, वायर चोचीपासून दूर ठेवा. जमलं तर कमी वॅटचं रेडिएंट पॅनल (ऊब देणारी सपाट विजेची पाटी) घ्या. कोळशाची शेगडी आत अजिबात नको, धुराने पक्षी गुदमरून मरतात.