गर कमी भरतात? झडतीआधी वजनाची वही उघडा

वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या काजू युनिटमध्ये गर कमी भरतायत, म्हणून कामावरच्या बायकांची दारात झडती घ्यावी आणि तूट सगळ्यांच्या मजुरीतून वळती करावी का, असं विचारलंत. दोन्ही करू नका.

आधी खरी तूट किती ते काढा. फोडल्यावर तोललेले गर आणि सुकवून सोललेले गर यांत ओलावा नि साल मिळून दहाएक टक्के वजन जातंच. ते कुणी नेलेलं नसतं. बी पोचट निघाली तर उतारा, म्हणजे किलोभर बीतून निघणारा गर, आणखी घसरतो. चोरी म्हणून ओरड होते त्यातलं बरंच इथेच सापडतं.

आता उरलेली चोरी. किलोभर अख्ख्या गराची किंमत बाईच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त आहे. काम गेलं तर तेवढ्याच मजुरीवर शेजारच्या कारखान्यात ती उद्या लागते. मग काढून टाकण्याची भीती कसली? गॅरी बेकर आणि जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञांनी १९७४ मध्ये हेच मांडलं होतं: गमावण्यासारखं काही हातात असेल तरच माणूस जपून वागतो. मजुरीचा दर बाहेरच्यापेक्षा थोडा चढा ठेवा, हंगामाअखेरचा बोनस आधीच लिहून द्या.

मजुरी कापण्याबद्दल जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगार कापला. दोन्हीकडे चोरी वाढली. पण जिथे कारण नीट, सहानुभूतीने समजावलं तिथे ती बरीच कमी वाढली. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही खाली आली. शिवाय २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे नुकसानीची वजावट ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडूनच, तीही त्याचं म्हणणं ऐकून करायची असते. सगळ्यांच्या माथी मारता येत नाही.

तुमचा दरही तपासा. फक्त अख्ख्या गराला पैसे आणि तुकड्याला काहीच नाही, असं असेल तर तुकडा लपवला जाणारच. तो तुकडा काढतानाही तिची बोटं काजूच्या टरफलातल्या चिकाने भाजलेली असतात. तुकड्यालाही दर द्या, वजन तिच्यासमोर करा, आकडा तिच्या वहीत लिहा. घरी न्यायला थोडा तुकडा पडत्या भावात द्या.

झडतीचं सांगायचं तर, तुमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक एकाच वाडीतल्या असणार. एकीचा अपमान झाला की दुसऱ्या दिवशी कुणीच येणार नाही, आणि ऐन हंगामात सराईत हात मिळत नाहीत.