मधल्या बोल्टापाशी तुटणारा पाटा

प्रश्न : आमच्याकडे उसाची चारचाकी ट्रॉली आहे. गेल्या हंगामात मागच्या ॲक्सलच्या उजव्या कमानीतील (एकावर एक पोलादी पाटे रचून केलेल्या स्प्रिंगमधील) मुख्य पाटा दोनदा तुटला, दोन्ही वेळा मधल्या बोल्टापाशीच. आमचे कारागीर पाटा वेल्डिंग करून वर एक जादा पाटा घालू म्हणतात. गाळप सुरू होण्याआधी काय करावे?
— एक शेतकरी, निपाणी तालुका

उत्तर : पाटा कोठे तुटला हे आपण नेमके कळवले, हे फार बरे झाले. मधल्या बोल्टाच्या छिद्रामुळे पाटा त्या जागी मुळातच कमकुवत असतो. यू-बोल्टांनी (इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी) तो भाग ॲक्सलवर घट्ट आवळून धरलेला असतो, म्हणूनच तेथे वाक येत नाही. यू-बोल्ट ढिले पडले, की पाणंदीतल्या प्रत्येक चरात सगळा ताण नेमका त्या छिद्रावर येतो. कमान उतरवल्यावर ॲक्सलवरची तिची बैठक पुसून पाहा. घासून चकाकलेले पट्टे आणि कडेला तांबूस भुकटी दिसली, तर कमान जागेवर हलत होती असे खुशाल समजावे.

वेल्डिंग मात्र करू नये. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेले (तापवून, थंड करून कणखर केलेले) असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते उतरते आणि पाटा सांध्याशेजारी पुन्हा तुटतो. जादा पाट्यानेही ॲक्सलची किंवा टायरची ताकद वाढत नाही, उलट कमान ताठ होऊन हादरे चेसीवर (ट्रॉलीच्या सांगाड्यावर) जातात.

कमानी दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात. लांबी, रुंदी, जाडी, पाट्यांची संख्या आणि डोळ्याचा (पिन जाते त्या टोकाच्या गोल वळ्याचा) व्यास मोजूनच खरेदी करावी. जाडीत तर अजिबात तडजोड नको, कारण १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचा पाटा घेतल्यास ताठपणा जवळजवळ पावणेदोन पट होतो.

ट्रॉली रिकामी करून सपाट जागी घ्यावी, पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि चेसी भक्कम आधारावर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. नवी कमान चढवताना मधल्या बोल्टाचे डोके ॲक्सलवरील भोकात पूर्ण बसले पाहिजे. यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि चारही नट आलटून-पालटून, तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. त्यानंतर कमानीच्या पुढच्या पिनेपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. ते सारखे नसेल, तर ट्रॉली तिरकी चालून टायर खाईल. शॅकलमध्ये (कमानीचे टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीत) रबरी बुश म्हणजे आतली नळी असल्यास त्याचा बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा आवळावा. धातूचा बुश असेल, तर तो मोकळा फिरू द्यावा आणि नियमित ग्रीस द्यावे.

पहिली भरलेली खेप कारखान्यावर रिकामी होताच यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. आपला ऊस तवंदी घाटातून जात असेल, तर हे अजिबात टाळू नये. एवढे करूनही उजवीकडचाच पाटा तुटला, तर चेसीला पीळ पडला आहे का आणि फडात मोळ्या एकाच अंगाला जास्त रचल्या जातात का, हे तपासावे.