फ्रिजचा नॉब 7 वर नेला की लवकर गार होतं का?

प्रश्न: आमचा जुना सिंगल डोअर फ्रिज आहे. मे महिना लागला की मिस्टर नॉब थेट 7 वर नेतात, म्हणतात पाणी लवकर गार होईल. सासूबाई म्हणतात नुसतं बिल वाढतं. आणि फ्रिजला कळतं तरी कसं, की आता थांबायचंय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. तो नॉब म्हणजे शेगडीचं बटण नव्हे, फिरवलं की आच मोठी व्हायला. तुमच्यासारख्या जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एकतर चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही, त्यामुळे 3 वर काय नि 7 वर काय, चालू असेपर्यंत पाणी त्याच वेगाने गार होणार. नॉब फक्त कुठं थांबायचं ते ठरवतो.

आता कळतं कसं, तर नॉबच्या मागून एक बारीक नळी निघून फ्रीजरला टेकलेली असते, तिच्यात गॅस भरून तोंड बंद केलेलं असतं. फ्रीजर गार झाला की गॅसचा दाब उतरतो, थर्मोस्टॅटमधला (म्हणजे नॉबमागच्या स्विचमधला) छोटासा भाता आकसतो आणि विजेचा पॉइंट सुटून कॉम्प्रेसर थांबतो, तोच तो ‘टक्क’ आवाज. परत गरम झालं की भाता फुगतो, पॉइंट चिकटतो. नॉब फिरवताना तुम्ही या भात्यावरची स्प्रिंग कमी-जास्त ताणता, बस. बंद आणि चालू व्हायच्या तापमानात मुद्दाम काही अंशांचं अंतर ठेवतात, नाहीतर कॉम्प्रेसर मिनिटामिनिटाला चालू-बंद होऊन लवकर जाईल. (इस्त्रीत गॅस नसतो, तिथं दोन धातूंची जोडपट्टी असते, एक धातू जास्त प्रसरण पावतो म्हणून तापली की पट्टी वाकते आणि करंट तुटतो.)

आपल्याकडं मे महिन्यात पारा 43 च्या घरात, त्यात पत्र्याचं घर असेल तर विचारूच नका. अशात 7 वर ठेवलं तर ते थांबायचं तापमान येतच नाही, कॉम्प्रेसर रात्रंदिवस घरघरतो आणि फ्रीजरवर बर्फाचा थर चढतो, तो थरच पुढं गारवा अडवतो. 3-4 वर ठेवा, मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडा, गरम आमटी निवल्याशिवाय आत ठेवू नका.

अजून एक, आतला दिवा लागतोय पण फ्रिज चालूच होत नाही असं झालं तर कधीकधी त्या नळीतला गॅस गेलेला असतो. म्हणून मेकॅनिक थेट कॉम्प्रेसर बदला म्हणाला तर आधी थर्मोस्टॅट चेक करायला लावा, तो पार्ट कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.