एकच प्रोग्रॅम आऊटपुट चार ठिकाणी न्यायचा आहे, वाय-केबल चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: छोटं रेडिओ केंद्र, कन्सोलमधून (मिक्सरमधून) निघणारा प्रोग्रॅम ट्रान्समीटरला, लॉगरला (प्रसारण नोंदवून ठेवणाऱ्या रेकॉर्डरला), वेब स्ट्रीमच्या कॉम्प्युटरला आणि ऑफिसमधल्या स्पीकरला द्यायचा, तर वाय-केबलने, म्हणजे एकाच आऊटपुटला फाटे काढून, वायरी एकत्र जोडल्या तर काय बिघडतं?

पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणून तर लोक फसतात. जुन्या जमान्यात आऊटपुट आणि इनपुट दोन्ही 600 ओमचे असायचे, तेव्हा दुसरा लोड (म्हणजे आऊटपुटला जोडलेलं आणखी एक उपकरण) जोडला की लेव्हल लगेच साडेतीन डीबीने पडायची. आता आऊटपुट साधारण 50 ओमचा आणि इनपुट 10 किलोओमचे असतात, त्यामुळे चार लोड लावूनही मीटरवर फरक दिसत नाही.

पण चारही वायरी एकमेकींशी बांधल्या जातात. मी एका केंद्रात होतो तिथे ऑफिसच्या पॉवर्ड स्पीकरकडे जाणारी केबल टेबलाच्या पायाखाली चेपून शॉर्ट झाली आणि प्रसारण गप्प झालं. कन्सोलचे मीटर मात्र नाचत होते, कारण ते आऊटपुटच्या आधीच्या टप्प्यावर मोजत होते. अर्धा तास आम्ही ट्रान्समीटर तपासत बसलो! दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे कॉम्प्युटरचा अनबॅलन्स्ड इनपुट. बॅलन्स्ड लाइनमध्ये सिग्नल दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो, आणि हा इनपुट त्यातली एक बाजू ग्राउंड करतो. मग सगळीकडची लेव्हल 6 डीबीपर्यंत पडू शकते, वर ग्राउंड लूपची, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणाऱ्या करंटची, घरघर येते.

म्हणून डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर (डीए) घ्या. त्यात इनपुट एक, पण प्रत्येक आऊटपुटला स्वतःचा अँप्लिफायर, निदान स्वतःचे रेझिस्टर असतात, आणि बहुतेकांत लेव्हलही वेगवेगळी लावता येते. एक शाखा शॉर्ट झाली तरी बाकीच्या चालू राहतात. कॉम्प्युटरच्या शाखेत एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जरूर टाका, तो दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे ठेवतो.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कन्सोलला दोन प्रोग्रॅम आऊटपुट असतील तर एक थेट ट्रान्समीटरच्या प्रोसेसरला द्या आणि दुसऱ्यावर डीए लावा. डीएचा पॉवर सप्लाय जळला तर लॉगर बंद पडेल, स्ट्रीम बंद पडेल, पण श्रोत्यांना कार्यक्रम ऐकू येत राहील. आऊटपुट एकच असेल तर मधे पॅच बे (छोट्या केबलने जोडण्या बदलता येणारं सॉकेटचं पॅनल) ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी एका पॅच कॉर्डने डीएला बगल देता येते.

डिजिटल एईएस3 (केबलवरून डिजिटल ऑडिओ नेण्याचं मानक) असेल तर वाय-केबलचा विचारही नको. ती 110 ओमची लाइन आहे, फाटा फुटला की सिग्नल परावर्तित होतो आणि आवाज तुटतो किंवा पूर्ण जातो. तिथे डिजिटल डीएच लागतो. एईएस67 किंवा दान्तेसारख्या नेटवर्क ऑडिओत मल्टिकास्टमुळे (एकच स्ट्रीम अनेकांना पाठवण्याच्या पद्धतीमुळे) हे वाटप नेटवर्क स्विचच करतो, फक्त त्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (स्ट्रीम मागणाऱ्या पोर्टवरच ती पाठवणारी सोय) चालू असायला हवं. चार ठिकाणांसाठी मात्र मी आजही अॅनालॉग डीएच लावीन, कारण रात्री दोन वाजता तो मल्टिमीटरने तपासता येतो.

आणि दोन आऊटपुट एकमेकांना कधीही जोडू नका. स्टिरिओचं मोनो हवं असेल तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना रेझिस्टर घालूनच एकत्र आणा.